घट

शेवटची तारीख. रात्री बाराला साइट बंद,
आणि विट्यात स्टँडमागच्या माझ्या दुकानात
अधिकराव लेकीला घेऊन बसलेत पावणेनऊपासून.
नाव अधिक, आणि सगळा जन्म घट मोजण्यात:
त्रिचूरला गलाईचं दुकान, तीस वर्षं.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं
माझ्या काउंटरच्या काचेवर.

फोटो चार पूर्णांक दोन एमबीचा.
नर्सिंगच्या अर्जाला हवा वीस केबीच्या आत,
सही दहाच्या.
मी आधी कडा कापते. खांद्यामागचा दरवाजा जातो,
दरवाजातली अर्धी सायकल जाते.
मग रुंदी कमी, उंची कमी.
अजून एकशे बारा.
मग क्वालिटीची पट्टी माउसखाली धरते
आणि डावीकडं सरकवत नेते,
हलक्या हातानं, शेगडीवरचं दूध उतरवावं तशी.

ऐंशी. केसांच्या बटा मिळून एक काळं होतं.
पन्नास. ओढणीवरची बुट्टी विरते.
एकोणीस.
बसला, म्हणते मी.

अधिकराव पुढं वाकले. घट किती आली?
मी हिशेब केला. शंभराला साडेनव्व्याण्णव.
ते हसलेच. आमच्यात एवढी घट दाखवली
तर गिऱ्हाईक मुशीत घालील आम्हाला.
मग सांगत बसले, साइट गोल गोल फिरत होती तोवर:
दुकानातली झाडलोट टाकायची न्हाय.
पायपुसणं टाकायचं न्हाय, जाळायचं, राख धुवायची.
हात धुतलेलं पाणीबी पिंपात साठवायचं.
वर्षाकाठी त्यातनं निघतं की.
एका दिवाळीला निघालं तेवढ्यात
हिच्या कानातलं झालं.

कानातलं मी शोधलं स्क्रीनवर.
दोन पिवळे चौकोन.

मग ह्या फोटोची झाडलोट कुठं पडती?

कुठं नाही, म्हटलं. जाते ती जातेच.
पण मशीन बघून काढतं,
डोळ्याला कळणार नाही तेवढंच.
कुणाच्या डोळ्याला?
हे त्यांनी भांडायला विचारलं नव्हतं.
भाव विचारावा तसं विचारलं.

डाव्या भुवईखाली तिळाएवढा डाग होता तिच्या.
तीन वर्षांची असताना, त्रिचूरच्या दुकानात,
वाटी कलंडली, थेंब उडाला.
मोठ्या फोटोत आहे. लहान्यात
तिथं नितळ कातडी, जरा मेणासारखी.
शिवांजली म्हणाली, राहू दे ताई, बरं दिसतंय.
अधिकराव काही बोलले नाहीत.
स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिले,
ज्याच्या रेषा बँकेतलं मशीन
दोन वर्षं झाली ओळखत नाही.

मी पट्टी पुन्हा उजवीकडं नेली.
एकवीस केबीला डाग आला,
आला म्हणजे, आहे माहीत असेल त्यालाच दिसेल.
साइटनं लाल अक्षरात फोटो परत केला.
वरची भिंत बोटभर कापली. एकोणीस पूर्णांक नऊ.
अकरा सत्तेचाळीसला हिरवी खूण आली.

चाळीस झाले. पन्नास दिले, सुट्टे घेतले नाहीत.
पायरीवरनं वळून म्हणाले,
मोठा तेवढा पुसू नका.
हो म्हटलं मी.
डिस्क भरली की मी सगळ्यांचेच पुसते.

मग दुकान झाडलं.
पासपोर्टच्या पांढऱ्या कडा, कुणाचा तरी खांदा,
सकाळच्या त्या जुळ्यांपैकी एकाची कानाची पाळी,
स्टेपलरच्या पिना.
रोज हे सरळ डब्यात जातं.
आज सुपली हातात धरून
उगाच वजन बघितलं.