अंगठा

आटपाडीच्या बाजारतळावर तंबू ठोकलेला
आणि पडद्यावर बर्फ पडत होतं.
आम्ही बर्फ पाहिलेलं ते फक्त गोळ्याच्या गाडीवर.

ज्याच्या कातड्यासाठी गोरे डोंगर पालथे घालत होते
ते जनावर कुणालाच ठाऊक नव्हतं.
"पाण्यातलं मुंगूस समजा," माईकवरचा दाजी म्हणाला.
इंग्रजीचं मराठी तोच करायचा, मनाला येईल तसं.

होड्या काठाला लागल्या. कातड्यांचे भारे उतरले.
दाढीवाल्या दुकानदारानं तराजू धरला,
तोच मागून, घोंगड्यांच्या अंधारातून
येताळा मेंढक्या ओरडला,
"आरं अंगठा! अंगठा काढ त्येचा!"

सगळा तंबू हसला.
खुर्चीवर माझ्या शेजारी अण्णाही हसले,
लोकरीचे व्यापारी गुरपाद अण्णा.
जरा उशिरा.

पुढं गोळीबार झाला, घोडी नदीत पडली,
कोण कुणाला का मारतंय
ते रीळ तुटल्यामुळं कळलंच नाही.

शनिवारी बाजार.
म्हाकूबाईनं गाठोडं सोडलं, काळीभोर जावळाची लोकर.
काट्याकडं तिनं बघितलंच नाही,
अण्णांच्या हाताकडं बघत राहिली.
अण्णांनी अंगठा मुठीत घेतला,
मग कोपरीच्या खिशात,
मग पानाला चुना लावायला बाहेर काढला
आणि तसाच, पांढरा, हवेत धरला.

दर खेपेपेक्षा दोन शेर जास्त भरली लोकर.

"मेंढरं यंदा बरी चरली वाटतं," अण्णा म्हणाले.
"व्हय," म्हाकूबाई म्हणाली, "पिच्चर बघून आलीती."

आकडा वहीत मीच मांडला.
मागची पानं चाळली नाहीत.