मोरी नंबर चौदा

रजिस्टरात चारच रकाने:
तारीख, किलोमीटर, प्राणी, शेरा.
शेऱ्यात आम्ही लिहितो 'मृत'. दुसरं काय लिहिणार?
अडावद ते धानोरा, एवढ्याच पट्ट्यात
होळीपासून तीन सायाळी, एक मसन्याऊद, दोन तरस.
घोरपडी मोजणं गुलशेर तडवीनं सोडून दिलं.

तो म्हणतो, म्याडम, ससा मेला तर आधी ससा उचला.
सशाच्या वासानं कोल्हा येतो,
कोल्ह्याच्या वासानं तरस,
डांबराचं पोट काही भरत नाही.

केळीचे ट्रक रात्रीच निघतात,
घड पिवळा पडायच्या आत दिल्ली गाठायची असते.
ड्रायव्हरला तरी किती दोष द्यायचा?
उजेड पडला की जनावर पळत नाही,
थांबतं,
कुणी ओळखीच्यानं हाक मारल्यासारखं.

चौदा नंबरची मोरी सातपुड्यातून येणाऱ्या नाल्यावर.
तिच्यात पाणी सोडून सगळं होतं:
केळीचे सडके खांब, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी,
लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, एक अख्खी गादी.
इंदास पावरा आणि त्याची भावजय
चार दिवस ओढून काढत होते.
मग दोन्ही अंगांना बोरीच्या काट्यांचं कुंपण,
म्हणजे जनावर आपोआप खाली वळेल.
'आपोआप' हा शब्द माझा.
गुलशेर हसला होता.

तोंडाशी अनेरची रेती चाळून पसरली.
पहिल्या दिवशी कुत्रं. दुसऱ्या दिवशी कुत्रं.
मग शेळ्या. मग कुणाची तरी स्लीपर, टाचेला झिजलेली.
साहेबांचा फोन : काही येतंय का?
म्हटलं, येतंय सर. सगळं गाव येतंय.

बाविसाव्या पहाटे गुलशेर उकिडवा बसला
आणि हातानंच मला थांबवलं.
पुढचा पंजा मोठा, मागचा लहान,
चाल लंगडल्यासारखी.
शेजारी वाकडंतिकडं, रुपयाहून जरा मोठं
दुसरं पाऊल,
चार ठिकाणी आईच्याच पावलात पडलेलं.

वरून तेव्हाच एक ट्रक गेला.
छत थरथरलं. थोडी माती सांडली रेतीवर.

ऑफिसात रजिस्टर उघडलं.
तारीख. किलोमीटर.
प्राणी : तरस, मादी, सोबत पिल्लू.
शेऱ्यापाशी पेन अडलं.
दारात विडी विझवत गुलशेर म्हणाला,
"लिव्हा ना, गेली."

गेली म्हटलं तर लोक मेलीच समजतील, गुलशेर.

त्यानं जरा वेळ घेतला.
"मग लिव्हा,
खालून गेली."