डोरीन कोर्ट

सत्तेचाळीस साली एमिल ह्रुश्काने
क्लीव्हलंडबाहेर, बटाट्याच्या शेतात सुतळ्या ताणल्या,
रस्त्यांना पोरींची नावं दिली:
व्हर्ना, लुसिल, ऑड्री.
लढाईवरून परतलेल्यांसाठी दिवसाला चार घरं.
खरेदीखतात, गटाराच्या कलमाखाली:
फक्त गोऱ्यांना.

चौथ्या रस्त्यावर डांबर पडलं, घर नाही.
धाकटी डोरीन पोलिओने गेली होती.

चौदा वर्षं आम्ही पोरं तिथे सायकल शिकलो.

मग टॉलिव्हरांचं घर उभं राहिलं.
ती ओळ ह्रुश्काने स्वतः खोडली म्हणतात;
वडील म्हणाले, म्हातारा चळला.

हिरवळीखालून बटाटे यायचेच, दर वसंतात.
अर्नेस्टीन टॉलिव्हर ते खणायची,
माती न झटकता आमच्या पायरीवर ठेवून जायची.
आई उकडायची.
वडील विचारायचे नाहीत, कुठले.