सोबत आवाज जोडला आहे

मिरजेत घरचा फोन वाजतो,
कुणी उचलत नाही,
तेव्हा इकडे सांगलीला, विश्रामबागेत,
बँकेतल्या माझ्या टेबलावर एक मेल येऊन पडतो.
विषय: घरचा नंबर. नवा निरोप. बावीस सेकंद.
सोबत आवाज जोडला आहे.
या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

ही सोय तौफिकने करून दिली,
अब्बांना घंटी ऐकू येईना म्हणून.
तार केसभर उतरली तर ऐकू येते,
घंटी नाही.
डॉक्टर म्हणतात, असं होत नसतं.
अम्मी म्हणते, लग्नापासून असंच आहे.

कर्जाच्या फायली सारून
मी एका कानात बोंडूक खुपसते.
गॅसवाला: सिलिंडर उद्या, कुणीतरी घरी राहा.
धारवाडचे मास्तर: तंबोऱ्याला ऊन लागलं,
खुंटी धरत नाही, काय करू,
खडू लावलाय तूर्त.
आणि दर मंगळवारी, साडेसहाच्या सुमारास,
एक म्हातारा आवाज:
अनसूये, भाजी आणलीस का गं?
आमच्या घरी कुणी अनसूया नाही.
हे त्या बाईंना कळवावं
तर नंबराच्या जागी नुसती रेघ येते.
आता बुधवारी सकाळी मेल उघडताना
मलाच काळजी लागते,
आणली असेल ना तिने.

मधे एकदा कुणी बोललंच नाही.
रिसीव्हर भोपळ्याशी धरून
षड्ज छेडला, तीनदा,
आणि ठेवून दिला.
मेलमध्ये लिहून आलं: मजकूर नाही.
रात्री अब्बांच्या कानाशी मोबाईल धरला.
त्यांनी डोळे मिटले.
म्हणाले, माझीच आहे ही.
पुराच्या आदल्या साली केलेली, बेळगावला गेली.
जवारी बसलीय. पाठवून दे म्हणावं.
कुणाला म्हणावं, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी जुन्या वहीत शोधलं.
बेळगाव, एकच नाव होतं.

आज दुपारचा निरोप तीन मिनिटांचा.
एवढा मोठा कधी येत नाही.
आधी कुणीतरी, हॅलो, हॅलो सतारवाले.
मग खडखड. अब्बांनी उचललाय, उशिरा,
आणि हातातलं काम सोडवेना म्हणून
तसाच फळीवर ठेवून दिलाय.
हॅलोवाला कंटाळून गेला.
यंत्राला ते कळलं नाही,
ते घरच ऐकत बसलं.

कानस. सांबरशिंगावर कानस, बारीक, ओढून.
अम्मी आतून विचारते, मीठ कुठे ठेवलंत?
मालगाडी स्टेशनाकडे जाते, तिचे डबे मोजता येतील इतकी सावकाश.
पुन्हा कानस.
मग एक तार.
अब्बा म्हणतात, नाही.
कानस, दोनच हात.
तार.
नाही.
फुंकर. भुसा उडाला असणार.
तार.

आणि अब्बा काही म्हणत नाहीत.
तार विरत जाते,
मी श्वास धरून,
आणि तिथे तीन मिनिटं संपतात.

शेजारच्या केळकर मॅडमनी विचारलं, काही अर्जंट?
म्हटलं, घरचा फोन आहे.

संध्याकाळी पोचले तर
रिसीव्हर अजून फळीवरच,
त्यावर भुश्शाचा पातळ थर.
सतार भिंतीला टेकलेली, तारा उतरवलेल्या,
म्हणजे तेही नाहीच.
अब्बा नवं शिंग निवडत होते.

रिसीव्हर पुसून जागेवर ठेवला
आणि तो लगेच वाजला.
अब्बांनी मान वर केली नाही.
घड्याळात सहा चाळीस. मंगळवार.
चौथी घंटी. पाचवीनंतर तो मेल होतो.

मी उचलला.
अनसूये, भाजी आणलीस का गं?

हो, म्हटलं.
मेथी मिळाली. दोन जुड्या.