बिनएसीची

पापांची शेवेल एकोणसत्तरची.
विकणाऱ्याकडे दोन होत्या म्हणे,
यांनी मुद्दाम बिनएसीची घेतली.

युमाच्या बर्फ-कारखान्यात बावीस वर्षं
तीनशे पौंडांच्या लाद्या आकड्यानं ओढायच्या,
हिवाळ्यात लेट्यूसच्या वॅगनी, जूनमध्ये खरबुजांच्या,
वरून बर्फाचा चुरा.
आणि पाच वाजता तापलेल्या सीटवर पाठ टेकायची.
"पोळायचं. बरं वाटायचं.
एकेक हाड परत यायचं."

आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
मी आणि नॉर्बेर्तो मागे,
मांड्या रेग्झिनला चिकटलेल्या,
एका ओल्या टॉवेलावरून मारामारी.
आई पुढे, गप्प, कोपर खिडकीबाहेर
पत्र्याला न टेकवता, अधांतरी,
थेट घरापर्यंत.

आता डॉक्टर म्हणतात, ऊन वर्ज्य.
पापा म्हणतात, गाडी विकायची नाही.
म्हणून तीन शनिवार मी बॉनेटखाली.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडायचं होतं.
पापा स्टुलावर, टॉर्च धरून.
"पाड," म्हणाले,
आणि टॉर्च दुसरीकडेच फिरवला.

नळ्या जोडल्या. रबरी रिंगांना बोटानं तेल लावलं.
दोन रिंगा उरल्या,
कुठल्या, ते अजून कळलेलं नाही.
मग पंप.
गॅस भरण्याआधी आतली सगळी हवा ओढून घ्यावी लागते,
थेंबभर ओल राहिली
तरी नेमकी अडचणीच्या जागी गोठते.
पाऊण तास.
काटा तळाला जाऊन बसला
आणि तो वर सरकतोय का
हे आम्ही दोघं बघत बसलो.
त्या पाऊण तासात पापांनी
आईबद्दल एक गोष्ट सांगितली.
ती इथे नको.

चावी फिरवली. पट्टा किंचाळला, मग निवला.
पापांनी जाळीपुढे बोटं धरली. थांबले.
"चालू आहे?"

त्यांच्या बोटांची टोकं
बर्फानं कधीच नेली होती.
मी त्यांचं मनगट धरून उलटं केलं,
निळ्या शिरांची बाजू वाऱ्याला दिली.
"हां," म्हणाले.
आणि लगेच, "कमी कर."

कालव्यापर्यंत जाऊन आलो.
अंगणात गाडीखाली ओला डाग.
माझ्या पोटात गोळा. त्या दोन रिंगा!
तशीच मातीत आडवी झाले, बोट लावलं, वास घेतला.
तेल नाही. कूलंट नाही.
पाणी. नुसतं, गार,
आणखी एक थेंब येताना दिसला.

गुडघ्यावर हात ठेवून पापा वाकले.
"कारखान्याचं मागचं दार असंच ठिबकायचं.
गावची कुत्री येऊन झोपायची तिथं."

मग गाडीचं काही बोलले नाहीत.
बुटाच्या टाचेनं माती सारून
त्या थेंबांखाली
एक छोटंसं आळं करून दिलं.