वाटेतले दोन व्होल्ट

पाचाला दहा कमी.
शिवडीच्या आमच्या इमारतीखाली
मी बटण दाबते आणि गाडी म्हणते, टक्.
एवढंच. कडी वाजवून कुणी
परत निघून जावं तसं.

तिकडे सायनला, सहाव्या मजल्यावर, पोतनीस काका
रात्री आठपासून उपाशी,
चहाचा कप बशीने झाकून
माझ्या सुईची वाट बघत बसलेले.
माझ्या पाठीवर बर्फाचा डबा, बावीस रिकाम्या नळ्या,
आणि घोट्यात सळई,
म्हणजे किकचा प्रश्नच नाही.

मग लालमन येतो, बिडी विझवून कानामागे ठेवतो,
फाटकापासून मशिदीच्या वळणापर्यंत ढकलतो.
दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की
गाडी शिव्या देत उठते.
रोज. वर्षभर.

सगळे म्हणाले, बॅटरी गेली ताई.
एक बदलली.
दिवाळीनंतर दुसरी.
टक्.

रे रोडला अझीझ मुकादम भेटले,
मूळचे श्रीवर्धनचे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची.
बॅटरीला त्यांनी बोटही लावलं नाही.
मीटरचं एक टोक वजा खुंटीला,
दुसरं इंजिनाच्या उघड्या अंगाला.
"दाब, बाय."
इंजिन अर्धा वळसा घेऊन थांबलं.
आकडा म्हणाला, एक पूर्णांक तीन.
मग जास्तीच्या बाजूने, स्टार्टरपर्यंत:
शून्य पूर्णांक नऊ.
"दोन व्होल्ट वाटेतच जेवून घेतात.
स्टार्टरच्या पानात काय पडणार, खरकटं?"
आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता,
"विहीर दोनदा बदललीस.
पोहऱ्याचा दोर बघितला कुणी?"

त्यांनी दोर उभा चिरला.
वरून काळा, तुकतुकीत, नव्यासारखा.
आत सगळं कळकलेलं,
पितळेच्या पातेल्यात विसरलेल्या ताकासारखं हिरवं.
आठ वर्षं खाडीचं खारं वारं
रबरी टोपीखालून गुपचूप शिरत होतं,
आणि मी वरून फडकं मारत होते.

मी म्हटलं, चाचा, हे अगदी शिरेसारखं.
साखरेच्या पेशंटची शीर अशीच,
वरून दिसते, सुई घातली की काही येत नाही.
त्यांनी दातातला धागा थुंकला.
"शीर नाही, वायर आहे.
शिरेला दुखतं.
हिला नुसतं बदलायचं."

मग वेल्डिंगवाल्यांची केबल आली,
करंगळीएवढी जाड, आत केसासारख्या हजार तारा,
आणि तरी हातात सापासारखी मऊ.
दीड वीत मोजली, हवी त्याहून बोटभरही जास्त नाही.
टोकांना थिंबल, दाबयंत्राचा एकच कचकन आवाज,
कथलाचा थेंब, वर नळी,
लायटरच्या आचेने ती आकसून चिकटली.
अर्थिंगच्या बोल्टखाली इंजिनाचा काळा रंग
पॉलिश पेपरने घासून घासून उडवला.
"रंगावरून करंट जात नाही, बाय.
शोरूमवाले रंगवतात, आम्ही खरवडतो."
शेवटी दोन्ही टोकांना व्हॅसलिन,
थंडीत पोरांच्या ओठांना लावतात तेच.

साडेसहाशे रुपये.
दोन बॅटऱ्यांची बिलं
मी त्यांना सांगितली नाहीत.

आज, पाचाला दहा कमी.
बोट बटणावरून उचलायच्या आत
ती चालू.
मीच दचकले.
मागे लालमन दोन्ही हात पुढे करून उभा,
ढकलायला काहीच नव्हतं.
ते हात कुठे ठेवावेत त्याला कळेना.
"झाली?" तो म्हणाला, जरा नाराजच.
मी डिकीतून जुनी केबल काढून दिली, मागितली नव्हती तरी.
त्याने तिने फाटकाची तुटलेली फळी बांधली,
दोन गाठी, मग ओढून तिसरी.
तिथे मात्र ती पक्की बसलीय.

सायनला पोतनीस काकांनी
कवळी न लावताच दार उघडलं.
"एवढ्या लवकर?"
ओट्यावर दूध अजून पिशवीतच होतं,
आणि बशी कपाखाली.