रुमालाखालचा भाव

बेचाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात
मी हळदीचा भाव बोललो नाही, दाबला.
रुमालाखाली हात, हातात हात,
दोन बोटं, तीन बोटं, मग तळव्यावर एक टिचकी.
समोरच्याला कळायचं, शेजारच्याला नाही,
आणि ज्याची रास तो शेतकरी
आमच्या भुवया वाचत उभा.
(त्यातही पाप होतंच. ते पुन्हा कधीतरी.)

आता गुडघे गेले. गणपती पेठेतल्या जुनेद मुजावरनं
मोबाईलची काच बदलता बदलता
खातं उघडून दिलं: अण्णा मगदूम, हळद अडत, निवृत्त.
म्हणाला, इथं थोडक्यात बोलायचं, अण्णा.

मी पहिलंच उत्तर लिहिलं:
स. न. वि. वि., आपले लिखाण पावले, वाचून संतोष जाहला,
इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे,
पावसापाण्याचे काय...
इथं अक्षरं संपली.
पलीकडून वाळव्याचा एक पोरगा:
काका, बँकेतून बोलताय का?

हळूहळू शिकलो.
बदाम दिला म्हणजे सौदा झाला असं नाही.
दोघांच्या बोलण्यात तिसऱ्यानं शिरलं तर चालतं,
पण चपला बाहेर काढून.
रात्री दोनला झोप नाही म्हणून
कुणाच्या पाच वर्षांमागच्या फोटोला दाद देऊ नये.
आणि डोळ्यांतून पाणी काढणारं ते पिवळं तोंड
रडत नसतं.
हे कळेस्तोवर मी तीन मयतांखाली ते लावून बसलेलो.

मग अंकलखोपची प्रणोती चौगुले.
पहिलंच पीक तिचं. ताडपत्रीवर शिजवलेली हळद,
कडेला तिची सावली, हातात फावडं.
मी नेहमीच्या डोळ्यानं बघितलं
आणि लिहून मोकळा झालो:
ओली आहे. भाव पडेल.

खरं होतं ते.
पण तासाभरात चाळीसजण तिच्या ताडपत्रीवर चढले.
कुणी फावड्याला हसलं, कुणी बापाला.
संध्याकाळी फोटो नव्हता.

जुनेद स्क्रू पिळत म्हणाला,
आत पेटी आहे की अण्णा, दोघांपुरती. तिथं सांगायचं.

म्हणजे रुमाल होता.
मला कुणी दाखवला नव्हता,
मीही विचारला नव्हता.

पेटीत लिहिलं: पोरी, अजून चार दिवस ऊन दे,
रात्री झाक, दंव लागू देऊ नकोस.
माफीही तिथंच लिहीत होतो, बोट थांबलं.
उघड्यावर नाव ठेवलेली रास
आत येऊन चांगली म्हणायची नसते,
एवढं तर यार्डानंच शिकवलेलं.
ते पुसलं, बाहेर आलो.
सगळ्यांदेखत लिहिलं: प्रणोतीताई, मी चुकलो.
माल चांगला आहे. घाई माझी होती.
नऊ जणांनी बघितलं. चाळीसातलं कुणी नाही.

ती काही बोलली नाही.
पाचव्या दिवशी पेटीत एक आवाज आला, दोन सेकंदांचा.
जुनेदला वाटलं फोन बिघडला.
मी पुन्हा लावला, कानाशी धरला:
कट्ट.
हळकुंड मोडल्याचा.
वाळलेलं.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा जुनेद हसला.
फोनवर, हातावर,
कधी नकळत
खांद्यावरचा पंचा ओढून घेतला होता मी.